घरच्या झाडाची पानं

चांदी म्हटलं की लोकांना दागिने आठवतात. मला चहा आठवतो. पेरूची वाळलेली पानं कुटायची, पाण्यात उकळायची आणि गाळायची. फिकट पिवळा काढा हाती येतो, पाहुण्याला लवकर कटवायचं असेल तर करतात तसल्या चहाच्या रंगाचा. चांदीचा क्षार विरघळवलेलं पाणी दिसायला साध्या पाण्यासारखंच असतं. त्यात हा काढा सोडायचा आणि वाट बघायची. आधी काही म्हणता काही होत नाही. मग पिवळा गडद होतो, तांबूस होतो, आणि शेवटी चांगला कडक तपकिरी रंग चढतो. रंग चढला म्हणजे पानांनी आपलं काम केलं, क्षारातली चांदी सुटी झाली आणि तिचे कण बनले. कण इतके बारीक, की आमच्या साध्या सूक्ष्मदर्शकालाही त्यांचा पत्ता लागत नाही. जंतूंना मात्र बरोबर लागतो.

सर म्हणतात, "घड्याळ लाव आणि दुसऱ्या कामाला लाग." सर म्हणजे माझे मार्गदर्शक. रिकामं उभं राहिलेलं माणूस त्यांना बघवत नाही. मी तरीही बाटलीसमोर उभी राहते. माझ्या आयुष्यात वाट बघितल्यावर हमखास येणारी ही एकच गोष्ट आहे, तेवढी तरी मी डोळे भरून बघणार.

माझ्या फळीवरच्या सगळ्या बरण्यांवर एकच शब्द लिहिलेला असतो: घर. नमुन्याला काहीतरी खूण लागते म्हणून सुरुवातीला लिहिला, तो तसाच राहिला. शेजारच्या खोलीत माझी मैत्रीण जंतू वाढवते. तिला सगळे जंतूवाली म्हणतात आणि तीही खुशाल ओ देते. तिने एकदा बरणी उचलून विचारलं, "कुणाचं गं घर हे?"

"नमुन्याचं नाव आहे ते."

"ते दिसतंय. घर कुणाचं, विचारलं मी."

मी तिच्या हातातून बरणी काढून घेतली आणि म्हटलं, तुझे जंतू रडतायत, जा.

घर सासूबाईंचं. म्हणजे आता त्या माझ्या सासूबाई नाहीत, कोर्टाने तसा शिक्क्याचा कागद दिलेला आहे. पण दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही.

मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा सासऱ्यांच्या पायाला जखम होती. साखरेच्या आजारातली, चिघळत राहणारी. डॉक्टरांची औषधं चालू होती, आणि शिवाय सासूबाई मागच्या अंगणातल्या पेरूची पानं उकळून त्या पाण्याने रोज जखम धुवायच्या. "बरी होत नाही गं, पण वास कमी येतो," म्हणायच्या. सासरे त्यातच गेले. पुढे मी संशोधनाचा विषय शोधत हिंडत होते आणि सर माझे सगळे विषय एकेक करून केराच्या टोपलीत टाकत होते, तेव्हा एका संध्याकाळी मागच्या पायरीवर बसल्या बसल्या मी विचारलं, "आई, आपल्या झाडाची पानं नेऊ का प्रयोगशाळेत?"

त्यांनी झाडाकडे असं पाहिलं की जणू त्याचीच परवानगी घेतायत. मग पानं तोडली, धुतली, जुन्या चादरीवर पसरली. "उन्हात नको, सावलीत वाळवा," मी शिकवायला गेले. "कळतं मला," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून संध्याकाळी घरी आले की दारामागच्या खिळ्याला ऑफिसची पिशवी अडकवायची आणि थेट मागच्या पायरीवर जायचं. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "मेले का जंतू?" मी बशी घेऊन समजवायचे. ही बशी म्हणजे जंतूंचं शेत, मधोमध आमच्या चांदीत भिजवलेली कागदाची टिकली, आणि टिकलीभोवती जंतू उगवतच नाहीत असं स्वच्छ वर्तुळ. वर्तुळ जेवढं मोठं तेवढं आपलं औषध जालीम. त्या बशीवर बोट फिरवून म्हणायच्या, "ह्यांच्या वेळेला हवं होतं." आणि मग आम्ही दोघी झाडाकडे बघत बसायचो. पेरूची पानं हलत राहायची. एवढंच असायचं त्या पायरीवर, दुसरं काही नाही. तेवढंच मला अजून हवंय.

पुढे त्यांच्या मुलाचं आणि माझं पटेनासं झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही, दोन बऱ्या माणसांचं कधी कधी पटत नाही तसं नाही पटलं. तो दुसऱ्या शहरात गेला, तिथे त्याचा नवा संसार आहे आणि चांगला चाललाय म्हणे. चालू दे. त्याच्यावाचून माझं काही अडलं नाही. अडलं ते त्या पायरीवाचून. नवरा मला महिनोन् महिने आठवत नाही आणि सासू रोज आठवते, हे कुणाला सांगितलं तर लोक तोंडावर पदर धरून हसतील, म्हणून मी सांगत नाही.

पण पानं लागायचीच. त्याच झाडाची लागतात, नाहीतर आधीच्या प्रयोगांशी ताळमेळ बसत नाही, असं मी त्यांना फोनवर सांगितलं. ते खरंही होतं. थोडं जास्त ठासून सांगितलं, एवढंच. "मग ये की," त्या म्हणाल्या.

त्या पहिल्या खेपेला मी सवयीने सरळ मागे निघाले, तर स्वयंपाकघराच्या दारात नवी सून उभी. सासूला भेटायला आलेली. "बसा ना बाहेर, मी पाणी आणते," ती म्हणाली. अगदी नीट म्हणाली, तिचं काहीच चुकलं नाही. मी बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले, आणि त्यानंतर ती सून घरात नसतानाही दर खेपेला तिथेच बसत आले. खिळा समोरच दिसायचा, रिकामा. माझी पिशवी मी मांडीवर धरून बसायचे.

त्यांना हाक काय मारायची, हे कोर्टाच्या कागदात लिहिलेलं नव्हतं. काकू म्हणायला जीभ रेटेना आणि आई म्हणायचा हक्क संपला असं वाटे. शेवटी मी "अहो, ऐकलंत का" म्हणायला लागले. एकदा त्या म्हणाल्या, "अगं, मी काय तुझा नवरा आहे?" दोघी हसलो. पण त्यांनीही 'आई म्हण' असं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चहा व्हायचा, मागची रिकामी पिशवी मी परत द्यायचे, त्या तसलीच दुसरी निळी कापडी पिशवी पुढे करायच्या, आत खडखडीत वाळलेली पानं. "मेले का जंतू?" "मेले." मग मी निघायचे आणि पिशवी संपेपर्यंत पुन्हा जायला मला कारण नसायचं. पानं काटकसरीने वापरा असं सर सगळ्यांना बजावतात. मी हात सैल सोडून वापरत होते.

गेल्या वर्षभरात फक्त एक कटकट झाली. आमच्याकडे रंग मोजायचं यंत्र आहे. ते एक आलेख काढतं, त्यावर एक उंचवटा येतो आणि तो कुठे आलाय त्यावरून कणांचा आकार कळतो. माझा उंचवटा जरासा उजवीकडे सरकला होता. कणांचं काम तसंच होतं, वर्तुळं तेवढीच, पण उंचवटा जागेवर नाही. मी यंत्राच्या दिव्याला दोष दिला. दुरुस्तीवाला येऊन म्हणाला, "मॅडम, दिवा ठणठणीत आहे." मी त्याच्याशी कडाक्याचं भांडले आणि दिवा बदलून घेतला. उंचवटा हलला नाही. मग मी यंत्राचं वय काढलं आणि विषय मिटवला.

आणि मग पेपरवर शेरा आला. आम्ही सगळं काम लिहून एका नियतकालिकाकडे पाठवलं होतं. तिथल्या परीक्षकाने बाकी कौतुक करून खाली एक ओळ लिहिली होती: सर्व पाने एकाच झाडाची आहेत, त्याच परिसरातल्या आणि दूरच्या दुसऱ्या झाडांच्या पानांनीही असेच कण बनतात का, ते दाखवावे. बनत नसतील तर ही पद्धत कोणाच्या उपयोगाची नाही.

सर खूश झाले. "सोपं काम आहे. पेपर छापून आला की जखमेच्या पट्टीचं काम सुरू करू." चांदीचे कण लावलेली पट्टी, चिघळणाऱ्या जखमांसाठी. ज्या दिवशी मी पायरीवर बसून पानं मागितली होती, त्या दिवसापासून मला हेच तर करायचं होतं.

जंतूवाली म्हणाली, "मग तोंड का पाडलंयस? कुठल्याही झाडाचं चाललं की जिंकलीस तू."

"हो ना," मी म्हटलं.

कुठल्याही झाडाचं चाललं की मी त्या घरी कशाला जाणार होते? आणि नाही चाललं, तर पट्टी कुठून होणार होती? प्रयोग फसावा म्हणून मनातल्या मनात देव पाण्यात ठेवणारी संशोधक जगात मी एकटीच असेन. मी चालढकल केली. आधी चाळणी फाटली, मग ओव्हन बिघडलं, मग मला सर्दी झाली. शेवटी सरांनी दारात उभं राहून विचारलं, "झाडं संपावर गेलीत का?" तेव्हा निघाले.

त्या घरापासून दूरचं झाड आमच्या कॅन्टीनच्या मागेच होतं. पानं आणली, वाळवली, उकळली. रंग चढला, व्यवस्थित चढला, मेला. जंतूवालीने टिकल्या ठेवल्या, नुसत्या काढ्याच्या वेगळ्या आणि चांदीच्या कणांच्या वेगळ्या, आणि तिच्या बश्यांत कणांभोवती तसंच स्वच्छ वर्तुळ आलं. तिने माझ्या पाठीवर थाप मारली. मी हसले आणि प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुऊन आले.

परिसरातल्या झाडासाठी मला लांब शोधायला नको होतं. बसथांब्यावरून सासूबाईंच्या घराकडे जाताना वाटेत एक दवाखाना लागतो. त्याच्या आवारात पेरूचं झाड आहे, जाता-येता कित्येकदा पाहिलेलं. फाटकाशी पहारेकरी खुर्ची टाकून बसला होता. पानं हवीत म्हटल्यावर म्हणाला, "न्या की. पेरूंना मात्र हात लावायचा नाही, ते डॉक्टरांचे." मी तोडायला लागले. तो थोडा वेळ बघत राहिला आणि मग म्हणाला, "तुमच्याकडेपण शेळी आहे का?"

"शेळी?"

"एक आजी येतात पानं न्यायला. पिशवी भरून नेतात. फळाला कधी हात नाही लावला. मी विचारलं, आजी, शेळी पाळलीय की काय? तर म्हणाल्या, हो बाबा, फार हट्टी आहे, दुसरं काही खातच नाही."

मी तोडलेलं पान तसंच हातात धरलं. "कसली पिशवी असते त्यांची?"

"निळी. एका बंदाला गाठ मारलेली. हात पोचत नाही त्यांचा, मग मी फांदी वाकवून धरतो. वर्ष होऊन गेलं असेल आता."

ती गाठ मी मारली होती. बंद तुटला तेव्हा, बसथांब्यावर.

कुणीही शहाणी बाई तिथून सरळ त्या घरी गेली असती, चार पावलांवर तर होतं. मी उलटी फिरले आणि प्रयोगशाळेत आले. पहारेकऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा आमचा धर्म नाही, आलेखावर ठेवायचा. पिशव्या निळ्या पुष्कळ असतात, गाठीही पुष्कळजणी मारतात. पानं वाळेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. मग उकळली, गाळली, रंग चढला. यंत्राने आलेख काढला आणि मी तो गेल्या वर्षभरातल्या आलेखांवर ठेवला. उंचवट्यावर उंचवटा बसला, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही. बिचाऱ्या दिव्याचं काहीच चुकलं नव्हतं.

"हे काय?" जंतूवालीने मागून डोकावून विचारलं. "ही गेल्या वर्षीची घरची पानं आणि ही दवाखान्याची एकसारखी कशी?"

"कारण दोन्ही दवाखान्याचीच आहेत," मी म्हटलं आणि पिशवी उचलून निघाले.

राग आला होता. वाटेत बसमध्ये मी त्यांना काय काय सुनवायचं ते घोकत होते. दार त्यांनीच उघडलं. "या, शास्त्रज्ञबाई. न कळवता आज? मेले का जं..." त्यांचं वाक्य संपायच्या आत मी खुर्ची ओलांडून, स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दाराशी गेले आणि कडी काढली.

झाड नव्हतं. जमिनीलगत सपाट कापलेला बुंधा होता आणि त्याच्या शेजारी, पूर्वी झाडाची सावली जिथे असायची तिथे त्यांनी दोऱ्या बांधून एक जुनी साडी ताणली होती. त्या सावलीत तीच चादर, आणि चादरीवर पानं वाळत घातलेली.

त्या माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "अळीने पोखरलं होतं. शेजाऱ्यांच्या भिंतीवर कलायला लागलं, मग तोडून घ्यावं लागलं."

"मला सांगितलं का नाही?"

"सांगायला फोन उचलला होता मी. मग ठेवून दिला."

"अहो, पण मी छापायला दिलंय! सगळी पानं एका झाडाची म्हणून लिहिलंय मी! त्या दुरुस्तीवाल्याची इज्जत काढली, चांगला दिवा फेकून द्यायला लावला..."

"कसला दिवा?" त्यांचा चेहरा उतरला. "अगं, म्हणजे माझ्यामुळे तुझं काम बिघडलं का? मेले नाहीत का जंतू?"

त्या खरंच घाबरल्या होत्या. घोकलेलं सगळं मी तिथेच विसरले.

"मेले," मी म्हटलं. "तेवढेच मेले."

"त्या दवाखान्याच्या पानांनी?"

"कुठल्याही झाडाच्या पानांनी मरतात. तेच दाखवायला सांगितलं होतं आम्हाला. तुम्ही वर्षभर आधीच दाखवून ठेवलंत. पेपरात खरं काय ते लिहीन, त्याने उलट काम पक्कंच होईल. आता पट्टी होईल, बाबांच्या पायाला हवी होती तशी."

त्यांनी डोळे पुसले आणि हसल्या. "बरं झालं बाई." मग हसू हळूहळू गेलं. त्या हुशार आहेत, त्यांना समजायला वेळ लागत नाही. "कुठल्याही म्हणजे, तुझ्या ऑफिसाजवळ एखादं असलं तरी चालेल."

"कॅन्टीनच्या मागे आहे एक."

"चालतं?"

"चालतं."

"हं," त्या म्हणाल्या. वाकून त्यांनी चादरीवरची पानं गोळा करायला घेतली, अर्धी ओली होती तरी. दवाखान्यापर्यंत चालत जाणं, फांदी धरायला त्या पहारेकऱ्याला गळ घालणं, धुणं, वाळवणं, साडीचं छत. सगळं एका हट्टी शेळीसाठी, आणि शेळीला आता कॅन्टीनमागचा पाला गोड लागत होता.

"आई," मी म्हटलं. किती वर्षांनी म्हटलं ते मला माहीत आहे. "चहा ठेवू का?"

त्या वाकलेल्याच राहिल्या. "ठेव," म्हणाल्या. "साखरेची जागा बदललीय."

मी स्वयंपाकघरात गेले. डबे नव्या सुनेने लावलेले होते, ओळीने, माझ्यापेक्षा नीट. साखर सापडेना. एकात डाळ निघाली, एकात मीठ. हे घर आता माझं नाही, हे त्या डब्यांनी मला जेवढं सांगितलं तेवढं कोर्टानेही सांगितलं नव्हतं. आईंनी येऊन वरच्या फळीवरून डबा काढून दिला आणि आम्ही कप घेऊन मागच्या पायरीवर बसलो. समोर बघायला आता झाड नव्हतं, शेजाऱ्यांची भिंत होती. तिच्याकडे बघत बसलो.

"हट्टी शेळी कोण हो?" मी विचारलं.

"सांगितलं का त्या चोंबड्याने?" त्या म्हणाल्या. "आहे एक."

निघताना त्यांनी निळी पिशवी माझ्या हातात दिली. आधीची वाळलेली थोडी पानं आत होती. "तोडलीच आहेत तर ने. वाया कशाला घालवायची." मग दाराच्या चौकटीवरची धूळ बोटाने पुसत म्हणाल्या, "पुढच्या वेळेला काय, नकोतच म्हण."

"नकोत."

"हं. मग येणं व्हायचं नाही तुझं."

"येईन की. नुसतीच येईन."

"नुसतं कोण येतं गं कुणाकडे?"

"मुली येतात," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पिशवी माझ्या हातातून परत काढून घेतली, पानांसकट, आणि दार थोडं लोटून त्याच्यामागच्या खिळ्याला अडकवली.